दिल्लीचा पोलीस कमिशनर पुढे मणिपूरचा राज्यपाल झाला, त्या काळाबद्दल कोणाला माहिती आहे का?

तिलारीकाठ (दोडामार्ग)

मंडळी एक मदत हवी होती. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा कोणीतरी उभं राहून बोलतं, विषय ज्याचा त्याने ठरवायचा, आणि पुढच्या खेपेला माझा नंबर लागलाय. मी उत्साहाच्या भरात वेद मारवाह हे नाव देऊन बसलेय. हे १९८५ ते १९८८ दिल्लीचे पोलीस कमिशनर, मग एनएसजीचे, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंचे, प्रमुख. मे १९८८ मध्ये अमृतसरला ऑपरेशन ब्लॅक थंडर झालं तेव्हा एनएसजीचे डीजी हेच होते. तो भाग मला भरपूर मिळालाय. सुवर्ण मंदिराला वेढा घालून बसले, पाणी-वीज तोडली, आत घुसायची घाई केली नाही, पत्रकारांना बघू दिलं आणि शेवटी आतले बरेचसे अतिरेकी हात वर करून बाहेर आले. पंजाबचे डीजीपी तेव्हा के.पी.एस. गिल, त्यामुळे नाव त्यांचंच जास्त झालं.

माझी अडचण पुढची आहे. डिसेंबर १९९९ ला हे मणिपूरचे राज्यपाल झाले, मधे काही महिने मिझोरामचा जादा चार्ज, मग जून २००३ ला झारखंड, डिसेंबर २००४ ला संपलं. बास, एवढ्याच तारखा मिळतात जिथे तिथे. ह्या पाच वर्षांत केलं काय? पोलीसवाला होता म्हणून राजभवनात काही वेगळं घडलं का?

माझे मामा फौजदार म्हणून रिटायर झालेत, त्यांना विचारलं तर पडवीत सुपारी सोलता सोलता म्हणतात, "राज्यपाल म्हणजे काय गो, सकाळी सलामी घेवची, दुपारी जेवन निजाचा, आनी सरकारान पाठयलेल्या कागदार सही करूची." आता हेच जर खरं असेल तर माझं अर्धं भाषण पाण्यात. वीस मिनिटं भरायचीयत हो, कोणीतरी सांगा.

रेडीकर

ताई, तुमच्या मामांना रामराम सांगा, पण मणिपूरच्या बाबतीत ते चूक आहेत.

मी बॉर्डर रोडमध्ये होतो आणि २००१ च्या जूनमध्ये आमचा कॅम्प इम्फाळच्या बाहेर होता, त्यामुळे हे मी पेपरात वाचून सांगत नाहीये. आधी मागचं थोडं सांगतो नाहीतर कळणार नाही. मणिपूरमध्ये त्या वर्षी फेब्रुवारीत निपामाचा सिंग यांचं सरकार पडलं, मग राधाबिनोद कोइजाम आले, ते मे महिन्यात विश्वासमत हरले, आणि २ जूनला राष्ट्रपती राजवट लागली. म्हणजे मुख्यमंत्री नाही, मंत्री नाहीत, सगळ्या फायली राजभवनात. आता इथे बघा, मारवाह येऊन दीड वर्ष झालेलं, तोपर्यंत ते मामा म्हणतात तसेच राज्यपाल, सही करणारे. २ जूनपासून राज्य चालवायचं त्यांनीच.

आणि बारा दिवसांत बॉम्ब पडला. भारत सरकार आणि एनएससीएन आयएम ह्या नागा गटात १९९७ पासून युद्धबंदी होती, १४ जून २००१ ला बँकॉकमध्ये ती वाढवली आणि त्यात घातलं की ही युद्धबंदी प्रादेशिक मर्यादेशिवाय लागू राहील. दिल्लीत बसलेल्याला हे साधं वाटेल पण इम्फाळ खोऱ्यातल्या मैतेई माणसाने त्याचा सरळ अर्थ काढला की नागांच्या मोठ्या राज्यात आपले डोंगरी जिल्हे जाणार, त्याची ही पहिली पायरी. सगळं शहर रस्त्यावर आलं. १८ जूनला विधानसभेची इमारत जाळली, पुढाऱ्यांची घरं जाळली, मोर्चा राजभवनाच्या दिशेने निघाला आणि गोळीबार झाला. एकूण १८ माणसं गेली. इम्फाळमधल्या केक्रुपातला त्यांचं स्मारक आहे, दरवर्षी १८ जूनला लोक जमतात तिथे.

आम्हाला कॅम्पबाहेर सोडत नव्हते. कर्फ्यू जरा सैल झाल्यावर रेशनच्या गाडीबरोबर मी शहरात गेलो तर विधानसभेच्या खिडक्यांच्या वर काजळीचे पट्टे उठलेले, आणि तिथून थोडं पुढे गेलं तर इमा कैथेल मार्केट, म्हणजे फक्त बायकांचा बाजार, तिथे एक म्हातारी चार सुक्या माशांच्या टोपल्या घेऊन बसलेली जसं काही झालंच नाही. ङारी म्हणतात त्या आंबवलेल्या माशाला. आमच्यातला एक घाटावरचा पोरगा नाक धरून गाडीतून उतरेना, मला तर मालवणच्या सुक्या बाजारात आल्यासारखं वाटलं. त्या बाजारातल्याच बायका संध्याकाळी मशाली घेऊन रस्त्यावर उभ्या राहायच्या, मैरा पैबी म्हणतात त्यांना, आणि त्यांच्यापुढे भले भले जवान आवाज खाली करून बोलायचे.

सांगायचं काय तर युद्धबंदीचा निर्णय झाला बँकॉकमध्ये, सही दिल्लीची, आणि राग काढायला समोर होतं कोण तर राजभवन, कारण मुख्यमंत्रीच नव्हता ना! २७ जुलैला केंद्राने ते शब्द मागे घेतले, तोपर्यंत जवळजवळ सहा आठवडे राज्याचा कारभार, कर्फ्यू, पोलीस, पेट्रोल, तांदूळ सगळं राज्यपालांच्या नावावर. राष्ट्रपती राजवट मार्च २००२ पर्यंत चालली, मग निवडणूक होऊन इबोबी सिंग आले आणि पंधरा वर्षं राहिले. म्हणजे मारवाह यांनी नऊ महिने एक राज्य चालवलं. दुपारी निजायला कुठला वेळ मिळतोय.

खाडीपलीकडे (राजापूर)

रेडीकर काका, लिहिलंत छान, डोळ्यासमोर उभं राहिलं. पण मला ह्यात कौतुकाचं काय आहे ते कळलं नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. मणिपूरला, नागालँडला पोलीसवालाच का पाठवतात? नागालँड घ्या, श्यामल दत्ता आयबीचे, म्हणजे गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख, निखिल कुमार दिल्लीचे माजी पोलीस कमिशनर, अश्विनी कुमार सीबीआयचे माजी प्रमुख, आर. एन. रवी आयबीतले. वीस वर्षांच्या आत एकाच छोट्या राज्याला चार. मणिपूरला मारवाह आणि नंतर गुरबचन जगत, ते बीएसएफचे प्रमुख होते. आता आपल्या महाराष्ट्राची यादी बघा, विमानदलाचे ओ. पी. मेहरा आणि इद्रिस लतीफ आले, सनदी अधिकारी पी. सी. अलेक्झांडर आले ते तर नऊ वर्षं राहिले, बाकी बहुतेक राजकारणी. पोलीस एकही नाही! उलट गंमत अशी की नागालँडचे माजी मुख्यमंत्री एस. सी. जमीर आधी गोव्याचे आणि मग महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. म्हणजे त्यांचा राजकारणी आपल्याकडे आणि दिल्लीचा फौजदार त्यांच्याकडे. ह्यातून केंद्र त्या राज्यांकडे कसं बघतं ते कळतं, राज्यपाल नको होता, ठाणेदार हवा होता.

आणि लष्कराला विशेष अधिकार देणारा तो कायदा, अफ्स्पा, त्यात एखादा भाग अशांत म्हणून जाहीर करायचा अधिकार राज्यपालालाही आहे. नोव्हेंबर २००० मध्ये इम्फाळजवळ मालोमला जवानांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली, त्यानंतर हा कायदा काढा म्हणून इरोम शर्मिला उपोषणाला बसली, ती मारवाह यांच्याच कारकिर्दीत बसली. २०१६ पर्यंत बसली होती. राजभवनात इतका अनुभवी माणूस बसलेला, त्या मुलीच्या बाबतीत काय फरक पडला? ताईंनी भाषणात हेही सांगावं, नुसतं शौर्य सांगू नये.

अ‍ॅडव्होकेट भाट्ये (रत्नागिरी)

चर्चा चांगली चाललीय म्हणून कायद्याची बाजू टाकतो, थोडक्यात. (थोडक्यात म्हणतो पण राहत नाही, सवय.)

राज्यपालाला नेमतात राष्ट्रपती, कलम १५५. तो राहतो राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत, कलम १५६. पाच वर्षं ही मुदत लिहिलेली आहे पण मर्जीच्या खाली लिहिलेली आहे. एरवी त्याने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं, कलम १६३, म्हणून तिलारीकाठ ताईंचे मामा नव्वद टक्के बरोबरच आहेत. कलम ३५६ लागलं की चित्र उलटं होतं, राज्य सरकारचे अधिकार राष्ट्रपतींकडे जातात आणि ते प्रत्यक्षात वापरतो राज्यपाल, कायदे करायचं काम संसदेकडे. रेडीकर सांगतायत ते हे नऊ महिने. माजी पोलीस अधिकाऱ्याचा राज्यपाल म्हणून हिशोब मांडायचा असेल तर ह्याच काळाचा मांडावा, बाकीच्या वर्षांत कोणीही बसला असता तरी चाललं असतं असं माझं मत.

आता मारवाह यांच्या बाबतीत एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. त्यांना नेमलं वाजपेयी सरकारने. मे २००४ मध्ये सरकार बदललं आणि २ जुलै २००४ ला नव्या सरकारने चार राज्यपाल एका फटक्यात घरी पाठवले, उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि आपला शेजारी गोवा. गोव्याचे तेव्हा केदारनाथ साहनी. हे चौघेही पक्षातले. मारवाह रांचीला होते, त्यांना कोणी हात लावला नाही, डिसेंबर १९९९ पासूनची पाच वर्षं भरून ते डिसेंबर २००४ मध्ये मोकळे झाले. पक्षाचा शिक्का नसणं हे अधिकाऱ्याचं एक भांडवल असतं, ते इथे कामाला आलं असं मी म्हणेन.

आणखी गंमत ऐका. त्या चौघांना काढलं म्हणून सुप्रीम कोर्टात गेलेले बी. पी. सिंघल हे स्वतः माजी आयपीएस अधिकारी, नंतर खासदार. निकाल यायला मे २०१० उजाडलं, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की केंद्राचा विश्वास उडाला किंवा राज्यपाल वेगळ्या विचाराचा आहे एवढ्यावरून त्याला काढता येणार नाही, सबळ कारण पाहिजे. आणि उत्तर प्रदेशात विष्णुकांत शास्त्रींना काढून आणलं कोणाला? तर टी. व्ही. राजेश्वर, आयबीचे जुने प्रमुख! एक पोलीसवाला राज्यपालांसाठी कोर्टात भांडतोय आणि दुसरा त्यातल्याच एका रिकाम्या खुर्चीत बसलाय.

म्हापसेकर

मारवाह यांचा विषय निघालाय आणि गोव्याचं कोणीच बोलेना म्हणून आलो. मारवाह यांचं निधन गोव्यातच झालं, जून २०२० मध्ये. तेव्हा लॉकडाऊनचा जोर होता, पत्रादेवीच्या नाक्यावर ये-जा बंदच असल्यासारखी, त्यामुळे इकडच्या पेपरात बातमी आली आणि कोरोनाच्या आकड्यांखाली दबून गेली.

ताई, तुम्हाला कोकणातल्या लोकांसमोर बोलायचंय तर गोव्याचे धागे घ्या, लोक कान देतील. आमच्याकडे पोलीसवाला राज्यपाल येऊन गेलाय. भरत वीर वांच्छू, एसपीजीचे प्रमुख होते, म्हणजे पंतप्रधानांच्या सुरक्षेचे, मे २०१२ मध्ये आमच्याकडे आले. के. शंकरनारायणन महाराष्ट्र सांभाळून गोव्याचाही चार्ज बघत होते, त्यांच्याकडून ह्यांनी घेतला. वांच्छू दोन वर्षं काबोच्या राजभवनात राहिले. दोनापावलाला गेलात तर लांबून दिसतं बघा, समुद्रात घुसलेल्या टोकावर, आत जुनं चॅपेल आहे. पर्रीकरांचं सरकार तेव्हा, राज्यपालाचं नाव कोणाच्या तोंडात नसायचं आणि ते चांगलंच लक्षण म्हणायचं.

मग २०१४ आलं. व्हीव्हीआयपी हेलिकॉप्टर खरेदी प्रकरणात, ऑगस्टा वेस्टलँड, सीबीआयला ह्यांची साक्षीदार म्हणून जबानी हवी होती, कारण २००५ साली हेलिकॉप्टरच्या अटी बदलण्यावर जी बैठक झाली तिला हे एसपीजी प्रमुख म्हणून हजर होते. त्या बैठकीतले दुसरे एम. के. नारायणन, तेही मूळचे पोलीस, आयबीचे प्रमुख, मग राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, तेव्हा बंगालचे राज्यपाल. सीबीआयने नारायणनना जूनच्या शेवटी विचारलं, त्यांनी ३० जूनला राजीनामा दिला. वांच्छूंना ४ जुलैला राजभवनातच विचारलं आणि त्यांनी त्याच दिवशी राजीनामा टाकला. आरोपी म्हणून कोणीच विचारलं नव्हतं, साक्षीदार म्हणूनच, हे लक्षात ठेवा, लोक उगाच तिखटमीठ लावतात. पण नोकरीत असताना बसलेल्या एका मीटिंगचा कागद नऊ वर्षांनी राजभवनाच्या दारात येतो, हे आयुष्यभर राजकारण केलेल्या राज्यपालाला सहसा होत नाही, अधिकाऱ्याला होतं.

आणि एक, राज्यपाल नव्हे पण उपराज्यपाल, किरण बेदी. २०१६ ते २०२१ पुद्दुचेरीला होत्या आणि मुख्यमंत्री नारायणसामींशी त्यांचं कधी पटलं नाही, ते तर फेब्रुवारी २०१९ मध्ये राजनिवासासमोर धरणं धरून बसले. आमच्या जुन्या लोकांना त्याचं काही आश्चर्य वाटलं नाही. त्या १९८३ च्या सुमारास गोव्यात पोलिसात होत्या. झुआरीवरचा पूल बांधून तयार, पण उद्घाटनाला दिल्लीहून तारीख मिळेना, लोक आपले फेरीबोटीच्या रांगेत. बाईंनी जाऊन अडथळे बाजूला केले आणि गाड्या पुलावरून सोडल्या. माझे वडील त्या फेरीच्या रांगेत कायम असायचे, ते हे सांगताना अजून खूश होतात. पण तोच स्वभाव उपराज्यपालाच्या खुर्चीत नेला की निवडून आलेल्या सरकारशी रोज खटका. पुलावरचा अडथळा आणि मंत्रिमंडळ ह्यात फरक आहे ना बाबा.

तिलारीकाठ (दोडामार्ग)

अरे बापरे, देव बरे करो तुम्हा सगळ्यांचं! मी दोन ओळींची अपेक्षा केली होती.

रेडीकर काका, तुमचा अनुभव भाषणात सांगितला तर चालेल का, नाव न घेता? भाट्ये वकीलसाहेब, एक शंका. झारखंडमध्ये दीड वर्ष होते तिथे काही नोंद घेण्यासारखं? आणि सगळ्यात जास्त काळ राज्यपाल राहिलेला पोलीसवाला कोण, हे कोणीतरी नक्की विचारणार, आमच्याकडे एक गुरुजी येतात त्यांना असले प्रश्न विचारायची भारी हौस.

अ‍ॅडव्होकेट भाट्ये (रत्नागिरी)

गुरुजींना सांगा ई. एस. एल. नरसिंहन. आयबीचे प्रमुख म्हणून २००६ ला रिटायर झाले, जानेवारी २००७ ला छत्तीसगडचे राज्यपाल, २००९ च्या डिसेंबरात आंध्रचे राज्यपाल एन. डी. तिवारींना हैदराबाद सोडावं लागलं तेव्हा घाईघाईने आंध्रचा चार्ज, आणि तिथून सप्टेंबर २०१९ पर्यंत. साडेबारा वर्षांच्या वर, सलग. मनमोहन सिंग सरकारने नेमलेला माणूस मोदी सरकारनेही पाच वर्षं ठेवला. २०१४ मध्ये नारायणन आणि वांच्छू गेले त्याच उन्हाळ्यात हे दोन राज्यांचे राज्यपाल झाले, आंध्र आणि नवं तेलंगणा.

त्यांचाही राष्ट्रपती राजवटीचा काळ आहे, १ मार्च २०१४ पासून, तेलंगणात २ जूनपर्यंत आणि उरलेल्या आंध्रात ८ जूनपर्यंत. मुख्यमंत्री किरणकुमार रेड्डींनी राज्याच्या फाळणीच्या निषेधार्थ राजीनामा दिला आणि राज्य तोडायचं प्रत्यक्ष काम आलं राज्यपालावर. कुठला कर्मचारी कुठल्या राज्यात, कुठली फाईल कोणाची, कुठली इमारत कोणाची. पुढेही पुनर्रचना कायद्याच्या कलम ८ ने हैदराबादमधल्या कायदा-सुव्यवस्थेची खास जबाबदारी राज्यपालावर टाकली होती, कारण ती दहा वर्षं दोघांची राजधानी राहणार होती. हे कलम वापरा म्हणून आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू ओरडायचे आणि वापरलंत तर बघा म्हणून तेलंगणाचे केसीआर. नरसिंहन दोघांचं ऐकून घ्यायचे आणि तिरुपतीला जायचे! देवदर्शनाची त्यांना फार आवड, त्यावरून टिंगलही व्हायची. पण हातात अधिकार असताना तो न वापरणं ह्यालाही अक्कल लागते. आयबीवाल्याला माहिती गोळा करून गप्प बसायची सवय असते, ती इथे उपयोगी पडली असं मला वाटतं.

झारखंडचं म्हणाल तर मारवाह यांच्या पूर्ण काळात अर्जुन मुंडा मुख्यमंत्री, बहुमत होतं, राज्यपालाला बातमीत यायचं कारणच नव्हतं. खरी गंमत ते गेल्यावर तीन महिन्यांत झाली. फेब्रुवारी २००५ च्या निवडणुकीत त्रिशंकू विधानसभा, त्यांच्या जागी आलेले सय्यद सिब्ते रझी हे काँग्रेसचे, त्यांनी शिबू सोरेन यांना बोलावलं, एनडीए ४१ आमदार घेऊन दिल्लीला राष्ट्रपतींसमोर उभी राहिली, सुप्रीम कोर्टाला बहुमत चाचणी लवकर घ्यायला सांगावी लागली आणि सोरेन दहा दिवसांत गेले. तेव्हा मारवाह असते तर काय केलं असतं हा प्रश्न भाषणात टाका, उत्तर देऊ नका.

रेडीकर

सांगा की ताई, बिनधास्त सांगा, फक्त ती म्हातारी विसरू नका.

राजापूरवाल्यांना एक उत्तर द्यायचं राहिलं. तुमचं ठाणेदाराचं म्हणणं मला पटतं, केंद्राची नजर तशीच आहे, आम्ही तिथे राहून बघितलंय, खोऱ्यातला माणूस बाहेरच्या प्रत्येक गणवेशाकडे त्याच नजरेने बघतो. पण तो माणूस पाठवणाऱ्याचा दोष, बसणाऱ्याचा किती? शर्मिलाचं म्हणता, तर अफ्स्पा काढायचा निर्णय राजभवनात होत नव्हता हो. ऑगस्ट २००४ मध्ये इम्फाळ नगरपालिकेच्या हद्दीतून काढला तो मनोरमा नावाच्या बाईला जवानांनी ताब्यात घेतल्यावर तिचा मृतदेहच सापडला, त्यानंतर लोक उठले म्हणून, तेव्हा मुख्यमंत्री इबोबी होते, आणि मारवाह केव्हाच रांचीला गेलेले. राष्ट्रपती राजवटीत राज्यपाल हा केंद्राचा हात असतो, हाताने डोक्याचं काम करावं ही अपेक्षा करू नये.

खाडीपलीकडे (राजापूर)

काका, हात म्हणालात म्हणून आठवलं. हाच माणूस नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीत अ‍ॅडिशनल कमिशनर होता आणि शिखांच्या कत्तलीत पोलिसांनी काय केलं ह्याची चौकशी त्याच्याकडे दिली होती. १९८५ च्या मध्यावर काम संपत आलेलं असताना गृहखात्याने सांगितलं थांबा, आणि चौकशी थांबली. कागदपत्रं सरकारने घेतली, बरीचशी पुढे त्या कत्तलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या मिश्रा आयोगाकडे गेली. आणि चौकशी चालू असतानाच हे कमिशनर झाले होते.

मी असं म्हणत नाही की बक्षीस म्हणून झाले. पण ताई, तुम्ही नंतरच्या कारकिर्दीबद्दल विचारताय ना, मग हे आधीचं वगळून चालणार नाही. थांबा म्हटल्यावर जो थांबतो तोच पुढे राज्यपाल होतो. न थांबणारे कुठे गेले त्यांची नावं आपल्याला माहीत पण नाहीत.

रेडीकर

न थांबून काय करणार होता, चौकशी काय त्याच्या घरची होती? कमिशन ज्याने नेमलं त्याने गुंडाळलं. निदान आपल्याला थांबवलं हे पुढे त्याने उघड सांगितलं, तेवढंही न बोलता पेन्शन खाणारे मी डझनाने बघितलेत.

खाडीपलीकडे (राजापूर)

पुढे सांगितलं, खुर्चीत असताना नाही. फरक आहे.

म्हापसेकर

दोघांनीही वाचनालयात या, समोरासमोर भांडा, वीस मिनिटांचे दोन तास होतील. ताई, तारीख टाका, मी दोडामार्गला येतो, बॉर्डर आता उघडी आहे.

तिलारीकाठ (दोडामार्ग)

येणाऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता, चहा आहे. राजापूरहून येणार असाल तर आदल्या दिवशी सांगा, परतीची शेवटची एसटी चुकते, राहायची सोय मी करते. आणि १९८४ चं मी घेतेय, सुरुवातीलाच घेतेय.